‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’: लिनक्सवर चित्र नेमकं अडतं कुठे?

उबंटू या लोकप्रिय लिनक्सची २५.१० ही आवृत्ती आली आणि लॉगिनच्या पडद्यावरचा ‘उबंटू ऑन एक्सऑर्ग’ हा पर्याय गेला. पडद्यावर खिडक्या दाखवायची एक्स ही जुनी व्यवस्था (एक्सऑर्ग हे तिचं रूप) मागे पडली आणि ग्नोम डेस्कटॉप तिथे आता फक्त वेलँड या नव्या व्यवस्थेवर चालतो. ब्राउझर आणि हिशेबाच्या फाइली एवढंच काम असणाऱ्यांना यात काही जाणवलंही नसेल. पण त्रिमिती मॉडेल, रेणूंच्या रचना, प्रवाहांचे आलेख असं काही लिनक्सवर काढणाऱ्यांच्या सेटिंगमध्ये वर्षानुवर्षं पडून असलेल्या काही ओळी अशा वेळी चुकीच्या ठरतात, आणि टर्मिनलमध्ये झळकतं: ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’, म्हणजे पडदा उघडता येत नाही.

एररचं वाक्य एकच, पण अडचणी तीन जातींच्या. चित्र कुठल्या पडद्यावर न्यायचं? तिथे जायची मुभा आहे का? आणि चित्र रेखाटणार कोण? यांची सरमिसळ झाली की माणूस ग्राफिक्सचा ड्रायव्हर तीनदा काढून पुन्हा टाकतो, आणि दोष निघतो पत्त्यात.

खाली आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत आणि अंक इंग्रजीत. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल हा शब्द वारंवार येईल. टर्मिनलपाशी ‘नाव=किंमत’ अशा काही नोंदी असतात आणि तिथून चालवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला त्या आपोआप मिळतात, एवढाच त्याचा अर्थ. पुढे नुसतं व्हेरिएबल म्हणू. त्यांची बहुतेक नावं कॅपिटल अक्षरांत लिहायची असतात.

## सर्व्हर आपला लॅपटॉप, क्लायंट तिकडचं मोठं यंत्र

एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झाली. आज वापरात आहे ती तिची अकरावी आवृत्ती, एक्स११, १९८७ ची. तेव्हा गणित करणारं यंत्र एकीकडे आणि पडदा दुसरीकडे ही रोजची गोष्ट होती, म्हणून रचनाही तशीच केली. पडदा, कीबोर्ड आणि माउस ज्याच्या ताब्यात असतो तो प्रोग्रॅम म्हणजे एक्स सर्व्हर. त्या पडद्यावर खिडकी उघडू पाहणारा प्रत्येक प्रोग्रॅम त्याचा क्लायंट. त्यामुळे घरच्या लॅपटॉपवरून संस्थेच्या सर्व्हरवर लॉगिन केलं, तर एक्सच्या भाषेत सर्व्हर तुमचा लॅपटॉप असतो. ही उलटी गंगा एकदा डोक्यात बसली की पुढचं बरंचसं सोपं जातं.

ओपनजीएल ही त्रिमिती चित्रं काढण्याची पद्धत सिलिकॉन ग्राफिक्सने १९९२ मध्ये आणली. लिनक्सवर ती बहुतेक ठिकाणी मेसा या मुक्त लायब्ररीतून मिळते. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये तिचं काम सुरू केलं. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर घातला असेल तर तिची जागा तो घेतो. कुठलीही असो, या लायब्ररीकडे स्वतःचा पडदा नसतो. तिला कुठे काढायचं ते कुणीतरी सांगावं लागतं. एक्ससाठी हा दुवा जीएलएक्स. वेलँडसाठी किंवा अजिबात पडदा नसताना ईजीएल.

## डिस्प्ले म्हणजे पत्ता

डिस्प्ले हे एक व्हेरिएबल. त्याची किंमत पाहायला ‘एको $डिस्प्ले’ ही आज्ञा द्या. समोरच्याच यंत्रावर बसला असाल तर ‘:०’ किंवा ‘:१’ असं उत्तर येईल. पूर्ण रूप असतं ‘यंत्राचं नाव:डिस्प्ले क्रमांक.स्क्रीन क्रमांक’. सोसायटीचं नाव, फ्लॅट नंबर आणि खोली, असा हा पत्ता. सोसायटीचं नावच लिहिलं नाही तर ‘याच सोसायटीत’ असं धरतात. खोली लिहिली नाही तर पहिली, म्हणजे शून्य क्रमांकाची.

यंत्राचं नाव नसेल तेव्हा प्रोग्रॅम नेटवर्कवर जातच नाही. तो ‘/टीएमपी/.एक्स११-युनिक्स/’ या फोल्डरमधल्या ‘एक्स०’ नावाच्या सॉकेटला, म्हणजे यंत्रातल्याच दोन प्रोग्रॅमना जोडणाऱ्या फाइलला, जोडतो. डिस्प्ले १ असेल तर ‘एक्स१’. या फोल्डरची यादी पाहिली की यंत्रावर कुठले डिस्प्ले जिवंत असावेत याचा अंदाज लगेच येतो. नाव असेल तर जोडणी टीसीपी पोर्टवर होते आणि पोर्ट क्रमांक म्हणजे ६००० अधिक डिस्प्ले क्रमांक.

इथेच जुने धडे दगा देतात. ‘एक्सपोर्ट डिस्प्ले=१९२.१६८.१.५:०’ अशी ओळ कित्येक ठिकाणी सापडते. एक्सऑर्ग या नेहमीच्या एक्स सर्व्हरच्या १.१७ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, टीसीपीवर ऐकणं मुळातच बंद ठेवलेलं असतं. पत्ता बरोबर, पण ६००० वर कुणी ऐकतच नाही. ते चालू करायच्या भानगडीत पडू नका, कारण त्या वाटेवरून जाणारं सगळं उघडं जातं, टाइप केलेले पासवर्डसुद्धा.

दूरच्या यंत्रासाठी योग्य वाट म्हणजे ‘एसएसएच -एक्स’. एसएसएच हा दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे लॉगिन करायचा प्रोग्रॅम. यातला एक्स कॅपिटल हवा. लहान एक्स दिला तर उलट ही सोय बंद होते. जोडणी झाल्यावर तिकडे ‘एको $डिस्प्ले’ केलं की ‘लोकलहोस्ट:१०.०’ दिसायला हवं. हा दहावा डिस्प्ले खरा नसतो. एसएसएचने ६०१० या पोर्टवर एक तोतया एक्स सर्व्हर उभा केलेला असतो. तिथे आलेलं सगळं तो कुलूपबंद वाटेने तुमच्या लॅपटॉपकडे पाठवतो.

तिकडे डिस्प्ले रिकामा आला तर हाताने ‘:०’ भरण्याचा मोह होतो. भरू नका. ‘:०’ म्हणजे त्या दूरच्या यंत्राचाच पडदा. तो नसेल तर तोच एरर पुन्हा येईल. असेल आणि तिथे तुमच्याच नावाने लॉगिन चालू असेल, तर खिडकी त्या बंद खोलीतल्या मॉनिटरवर उघडेल आणि तुम्ही इकडे वाट पाहत बसाल.

रिकामा का आला ते शोधा. जोडताना ‘एक्स११ फॉरवर्डिंग रिक्वेस्ट फेल्ड’ असं आलं असेल तर नेहमीची कारणं दोन: तिकडच्या ‘एसएसएचडी_कॉन्फिग’ फाइलमध्ये ‘एक्स११फॉरवर्डिंग’ला ‘नो’ आहे, किंवा तिकडे ‘एक्सऑथ’ हा पडद्यावर प्रवेशाचे पास सांभाळणारा छोटा प्रोग्रॅमच नाही. काटकसरीने बसवलेल्या सर्व्हरवर दुसरं कारण फार वेळा निघतं. तिसरं कारण जरा गमतीशीर आहे. होम फोल्डरचा कोटा भरलेला असतो, त्यामुळे पासची फाइल लिहिताच येत नाही आणि ‘ऑथॉरिटी फाइल’ लॉक करता न आल्याची तक्रार येते. जुना डेटा पुसला की ग्राफिक्स सुरू!

## .बॅशआरसीत एकदाच लिहून टाकलं तर?

डिस्प्लेची ओळ ‘.बॅशआरसी’त, म्हणजे शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत, लिहिण्याइतकी घातक सोय दुसरी नाही. एसएसएचने प्रत्येक जोडणीला बरोबर पत्ता दिलेला असतो, आणि नंतर ही फाइल वाचली जाऊन तो पुसला जातो. एका वेळी दोन टर्मिनलमधून लॉगिन केलं तर दुसऱ्याला ‘लोकलहोस्ट:११.०’ मिळतं, म्हणजे ठरावीक पत्ता असा नसतोच.

विंडोजच्या आतच लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलवर हाच घोळ वेगळ्या रूपात होतो. पूर्वी विंडोजवर वेगळा एक्स सर्व्हर चालवून ‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’मधला आयपी उचलून डिस्प्लेत भरावा लागे. आता डब्ल्यूएसएलजी हा त्याचाच भाग ती व्यवस्था आपणहून करतं आणि ‘:०’ भरून ठेवतं. जुनी ओळ तशीच राहिली असेल तर ती या नव्या व्यवस्थेवर पाणी फिरवते. ओळ काढा, टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा.

टीमक्स, म्हणजे जोडणी तुटली तरी टर्मिनलमधलं काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम, वापरणाऱ्यांची अडचण निराळी. सकाळी लॉगिन केलं तेव्हा पत्ता दहावा होता, संध्याकाळी पुन्हा जोडलं तेव्हा बारावा. टीमक्समध्ये आधीपासून उघडं असलेलं शेल मात्र दहावाच धरून बसतं. नवी खिडकी उघडली की ताजा पत्ता मिळतो. जुन्या खिडकीत तो हाताने भरावा लागतो. हाताने भरणं रास्त ठरतं अशी ही मोजक्यांपैकी एक जागा.

## पत्ता बरोबर, पण गेटवर अडवलं

एररच्या आधीची ओळ वाचायची सवय ठेवा. ‘नो प्रोटोकॉल स्पेसिफाइड’ किंवा ‘ऑथरायझेशन रिक्वायर्ड’ असं आलं असेल तर पत्ता बरोबर आहे, सर्व्हर जिवंत आहे, फक्त तुमच्याकडे पास नाही. ‘इनव्हॅलिड एमआयटी-मॅजिक-कुकी-१ की’ आलं तर पास आहे, पण शिळा.

हा पास म्हणजे १२८ बिटांची एक यादृच्छिक संख्या. ती होम फोल्डरमधल्या ‘.एक्सऑथॉरिटी’ फाइलमध्ये असते, किंवा ‘एक्सऑथॉरिटी’ हे व्हेरिएबल ज्या फाइलकडे बोट दाखवतं तिथे. ‘एक्सऑथ लिस्ट’ केलं की कुठल्या पत्त्याचे पास आहेत ते दिसतं. ‘सुडो’ने चालवलेला प्रोग्रॅम अडतो तो यामुळे: तो रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालतो आणि रूटच्या खिशात तुमचा पास नसतो. ग्नोम वेलँडवर असेल तर पासची फाइल ‘/रन/यूझर/१०००’ सारख्या फोल्डरमध्ये असते आणि तिच्या नावात दर लॉगिनला बदलणारी अक्षरं असतात. स्क्रिप्टमध्ये ‘.एक्सऑथॉरिटी’ असं ठोकून लिहिलेल्यांची गाडी नव्या उबंटूवर अडते ती इथे.

## ‘एक्सहोस्ट +’ केलं की चालतं की! मग एवढी कटकट कशाला?

चालतं, कारण त्या आज्ञेने पास तपासणंच बंद होतं. मग त्या सर्व्हरपर्यंत पोहोचू शकणारा कुठलाही प्रोग्रॅम तुमच्या पडद्याचा फोटो काढू शकतो आणि तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ वाचू शकतो. एक्समध्ये एकदा आत आलेल्या क्लायंटपासून इतरांना झाकायची सोय जवळजवळ नाही. सामायिक यंत्रावर हे करणं सरळ बेजबाबदारपणा आहे.

फक्त रूटला आत घ्यायचं असेल तर ‘एक्सहोस्ट +एसआय:लोकलयूझर:रूट’ पुरतं. प्रोग्रॅम वेगळ्या बंदिस्त कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या डॉकरसाठीही हीच पद्धत बरी, जोडीला सॉकेटचा फोल्डर आणि डिस्प्ले व्हेरिएबल कंटेनरमध्ये द्यायचं. काम झालं की तीच आज्ञा अधिकच्या जागी वजा लिहून परवानगी काढून घ्या.

‘एसएसएच -वाय’बद्दलही थोडं. ‘-एक्स’ने आलेल्या प्रोग्रॅमला मर्यादित पास मिळतो, ‘-वाय’ने पूर्ण मोकळीक. डेबियन आणि उबंटूच्या मूळ सेटिंगमध्ये ‘-एक्स’लाही पूर्ण मोकळीकच दिलेली असते, त्यामुळे तिथे दोन्हींत फरक दिसत नाही. इतर ठिकाणी ‘-एक्स’चा पास मूळ सेटिंगनुसार २० मिनिटांनी संपतो. आधी उघडलेल्या खिडक्या चालतात आणि नवी उघडायला नकार मिळतो, असं झालं तर कारण हेच.

## एक्सक्लॉक दिसतं, माझा प्रोग्रॅम दिसत नाही

‘एक्सक्लॉक’ हा एक्सचा साधा घड्याळाचा प्रोग्रॅम चालवा. घड्याळ उमटलं, म्हणजे पत्ता आणि पास दोन्ही ठीक. आता राहिला चित्रकार.

त्यासाठी ‘जीएलएक्सइन्फो -बी’, यातला बी कॅपिटल. डेबियन-उबंटूवर हा प्रोग्रॅम ‘मेसा-युटिल्स’ या पॅकेजात येतो. दोन ओळी बघायच्या: ‘डायरेक्ट रेंडरिंग: येस’ आणि ‘ओपनजीएल रेंडरर स्ट्रिंग’. दुसऱ्या ओळीत तुमच्या ग्राफिक्स कार्डाचं नाव असेल तर काम कार्ड करतंय. ‘एलएलव्हीएमपाइप’ असेल तर सगळं चित्र सीपीयूवर रंगतंय.

नावच न येता ‘फेल्ड टू लोड ड्रायव्हर: स्वरास्ट’ आलं तर लगेच ड्रायव्हरवर तुटून पडू नका. ‘लिबजीएल_डिबग=व्हर्बोज’ लावून तीच आज्ञा पुन्हा चालवा. पायथॉनसाठी कोंडा हा पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांच्या यंत्रावर बऱ्याचदा खरी ओळ निघते ती अशी: ‘जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३०’ सापडत नाही. कोंडाने आपल्यासोबत ‘लिबएसटीडीसी++’ या लायब्ररीची जुनी प्रत आणलेली असते. पायथॉन तीच आधी उचलतो आणि सिस्टिममधल्या मेसाच्या ड्रायव्हरला ती पुरत नाही. कोंडा-फोर्जवरून ‘लिबएसटीडीसीएक्सएक्स-एनजी’ अद्ययावत केलं की काम होतं. ड्रायव्हर बिचारा निर्दोष असतो.

दुसरा नेहमीचा प्रकार: यंत्रासमोर बसलं की कार्ड वापरता येतं, एसएसएचने आलं की नाही. ग्राफिक्स कार्डाची फाइल ‘/डेव्ह/डीआरआय/रेंडरडी१२८’ ही असते. समोर बसून लॉगिन करणाऱ्याला सिस्टिम तिची परवानगी तात्पुरती देते, दुरून येणाऱ्याला देत नाही. त्याला ‘रेंडर’ गटात घालावं लागतं: ‘सुडो यूझरमॉड -एजी रेंडर नाव’. यातल्या ‘-एजी’मधला ए विसरलात तर माणूस बाकीच्या जोड-गटांतून बाहेर फेकला जातो, त्यात ‘सुडो’ गटही आला. मग स्वतःला परत आत घ्यायची आज्ञाही देता येत नाही. बदल लागू व्हायला लॉगआउट करून पुन्हा यावं लागतं.

दोन ग्राफिक्स कार्डं असलेल्या लॅपटॉपवर आज्ञेआधी ‘डीआरआय_प्राइम=१’ लिहिलं की मेसा दुसरं कार्ड घेतं. ‘मेसा_जीएल_व्हर्जन_ओव्हरराइड=३.३’ हे व्हेरिएबलही फार सुचवलं जातं. ते फक्त आवृत्तीचा आकडा वाढवून सांगतं. कार्डात किंवा ड्रायव्हरमध्ये नसलेली क्षमता त्याने येत नाही. प्रोग्रॅमची आवृत्ती-तपासणी विनाकारण कडक असेल तेवढ्यापुरता त्याचा उपयोग.

## एसएसएचवरून त्रिमिती इतकं रडत का चालतं?

साधा गुणाकार करा. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एका चित्राला सुमारे ८.३ एमबी. सेकंदाला ३० चित्रं म्हटली तर २५० एमबी. गिगाबिटचं नेटवर्क सगळं मिळून सेकंदाला १२५ एमबी नेतं. ‘एसएसएच -एक्स’वरून आधुनिक ओपनजीएल चालवलं की मेसा साधारणपणे हेच करते: चित्र तिकडच्या सीपीयूवर रंगवते आणि तयार ठिपके इकडे लोटते.

पूर्वी ठिपक्यांऐवजी रेखाटनाच्या आज्ञाच नेटवर्कवरून पाठवायची सोय होती. पण ती ओपनजीएल १.४ च्या पुढे फारशी सरकली नाही आणि एक्सऑर्गच्या त्याच १.१७ आवृत्तीत मूळ सेटिंगमध्ये बंदही झाली.

मॉडेल हाताने फिरवून बघायचंच असेल तर व्हर्च्युअलजीएल आणि टर्बोव्हीएनसी ही जोडी वापरा. ‘व्हीजीएलरन’ने चालवलेला प्रोग्रॅम तिकडच्या कार्डावर चित्र काढतो आणि इकडे येतं ते दाबून लहान केलेलं चित्र.

## पडदाच नसेल तर?

पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म हा महासंगणक असो की एखाद्या विभागाचा छोटा क्लस्टर, रात्री रांगेत लावलेलं काम ज्या नोडवर, म्हणजे त्यातल्या ज्या यंत्रावर, चालतं तिथे पडदा नसतो आणि समोर कुणी बसलेलंही नसतं. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणाऱ्या कामाचंही तसंच. तिथे डिस्प्ले शोधण्यापेक्षा तो लागणारच नाही असं करणं उत्तम.

मॅटप्लॉटलिब या पायथॉनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीसाठी ‘एमपीएलबॅकएंड=एजीजी’ द्या, यात शेवटच्या शब्दाचं पहिलंच अक्षर कॅपिटल. मग ‘शो’ने काही दिसणार नाही, ‘सेव्हफिग’ने फाइल मिळेल. क्यूटी या खिडक्या-बटणं पुरवणाऱ्या लायब्ररीवर बेतलेल्या प्रोग्रॅमना ‘क्यूटी_क्यूपीए_प्लॅटफॉर्म=ऑफस्क्रीन’. क्यूटीच्याच बाबतीत, पडदा समोर असतानाही ‘एक्ससीबी’ प्लगइन सुरू होत नाही अशी तक्रार आली तर डिस्प्ले तपासत बसू नका, क्यूटी ६.५ पासून ‘लिबएक्ससीबी-कर्सर०’ हे पॅकेज लागतं आणि बहुधा तेच नसतं.

प्रोग्रॅम खिडकीशिवाय चालायलाच तयार नसेल तर एक्सव्हीएफबी. हा खरा एक्स सर्व्हर, फक्त त्याचा पडदा मेमरीत: ‘एक्सव्हीएफबी-रन -ए -एस "-स्क्रीन ० १२८०x१०२४x२४" प्रोग्रॅम’. शेवटचा २४ म्हणजे रंगांचे बिट. तो लिहाच, कारण जुन्या आवृत्त्या न सांगता ८ बिट धरत आणि त्यात ओपनजीएलला हवी तशी खिडकी मिळत नसे. ‘-ए’ने मोकळा डिस्प्ले क्रमांक आपोआप निवडला जातो. तो नसेल तर एकाच नोडवरची दोन कामं ९९ या एकाच क्रमांकावर आपटतात.

एक्सव्हीएफबी ग्राफिक्स कार्डाला हात लावत नाही. पडद्याविना कार्ड वापरायचं तर ईजीएल लागतं आणि प्रोग्रॅमला ते येत असावं लागतं. व्हीटीके ही त्रिमिती चित्रांची लायब्ररी ९.४ आवृत्तीपासून हा निर्णय चालवतानाच आपणहून घेते.

## सीपीयूवर रंगवलं तर काम कासवगतीने होईल ना?

खेळ खेळायचा असेल तर होय. अहवालासाठी दोनशे चित्रं रात्रीतून काढायची असतील तर एलएलव्हीएमपाइप पुरेसं आहे. ते ओपनजीएल ४.५ पर्यंत जातं आणि एकाच वेळी अनेक कोअर वापरतं. त्याचा दुसरा फायदा असा की कार्डाच्या ड्रायव्हरबद्दल शंका असेल तर ‘लिबजीएल_ऑलवेज_सॉफ्टवेअर=१’ लावून तेच चित्र काढायचं; दोष गेला तर संशयित सापडला.

ते न विचारता अनेक कोअर घेतं ही गोष्ट मात्र सामायिक नोडवर अंगाशी येते. तुम्ही ४ कोअर मागितले आणि यंत्राला ६४ असले तर ते तुमच्या वाट्याहून कितीतरी जास्त धागे उघडतं. शेजाऱ्याचंही काम मंदावतं आणि तुमचंही. अशा वेळी ‘एलपी_नम_थ्रेड्स=४’.

## वेलँड आलं, म्हणजे हे सगळं मोडीत?

इतक्यात नाही. वेलँडचा पत्ता ‘वेलँड_डिस्प्ले’ या वेगळ्या व्हेरिएबलमध्ये असतो, किंमत सहसा ‘वेलँड-०’, आणि सॉकेट वापरकर्त्याच्या ‘/रन/यूझर’मधल्या फोल्डरात. त्याच्या जोडीला एक्सवेलँड नावाचा एक्स सर्व्हर चालतो, म्हणून डिस्प्लेही भरलेला असतो आणि जुने प्रोग्रॅम खिडक्या उघडतात. ‘एसएसएच -एक्स’सुद्धा याच वाटेने चालतं. उबंटूतून गेलं ते ग्नोमचं एक्सवरचं सत्र; एक्सचे प्रोग्रॅम चालवायची सोय गेलेली नाही.

फरक पडतो तो पडद्याचा फोटो काढणाऱ्या, कळा पकडणाऱ्या किंवा दुसऱ्याच्या खिडक्या हलवणाऱ्या अवजारांना. वेलँड एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू देत नाही, त्यामुळे अशा स्क्रिप्टना वेलँडच्या खिडक्या दिसतच नाहीत. ‘एक्सरँडआर’ने रिझोल्यूशन बदलणाऱ्या स्क्रिप्टही निरुपयोगी ठरतात, तिथे डेस्कटॉपचीच सेटिंग वापरावी लागते. आणि वेलँडच्या स्वतःच्या खिडक्या दुरून आणायच्या तर ‘वेपाइप’ हा प्रोग्रॅम दोन्ही यंत्रांवर घालून ‘वेपाइप एसएसएच यंत्र प्रोग्रॅम’ असं चालवायचं.